ऐकणारं जहाज

२० नोव्हेंबर १९४३ ची पहाट. प्रशांत महासागरात तारावा नावाच्या प्रवाळबेटांच्या माळेत बेटिओ हे एक चिमुकलं बेट आहे. लांबी तीन-साडेतीन किलोमीटर, रुंदी कुठेही एक किलोमीटर भरत नाही. साडेचार हजारांहून जास्त जपानी सैनिक आणि मजूर तिथे काँक्रीट, वाळू आणि नारळाच्या ओंडक्यांच्या बंकरांत दबा धरून बसले होते. उजाडायच्या आत अमेरिकेच्या ‘मेरीलँड’ या युद्धनौकेने आपल्या १६ इंची तोफा डागल्या आणि त्या पहिल्याच हादऱ्याने मेरीलँडवरची बिनतारी यंत्रणा बंद पडली.

एरवी हे नुसतं दुरुस्तीचं काम ठरलं असतं. पण त्या दिवशी बेटावर उतरणाऱ्या सगळ्या फौजेची सूत्रं याच जहाजावरून हलायची होती. नौदलाचे रिअर ॲडमिरल हॅरी हिल आणि मरीन सैन्याचे मेजर जनरल ज्युलियन स्मिथ, दोघेही मेरीलँडवरच होते. ठरल्याप्रमाणे विमानं बाँबफेक करायला येणार म्हणून जहाजांच्या तोफा थांबवल्या. विमानं वेळेवर आली नाहीत. विमानवाहू जहाजांना विचारावं, तर विचारणार कशावरून? वीस-पंचवीस मिनिटं अशीच गेली. धूळ खाली बसली, आणि तेवढ्या उसंतीत जपानी तोफांनी सैनिकवाहू जहाजांवर मारा सुरू केला.

समुद्रातून परक्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावत जाणारे शिपाई आणि पुढची फळी खाली पाडणाऱ्या चपट्या होड्या येतात. त्या होड्यांच्या मागे पाचसात मैलांवर एखादं जहाज उभं असतं. त्यावर तोफा मोजक्याच, पण डोलकाठ्यांवर तारांचं जंगल. त्याला कमांड शिप म्हणतात. ब्रिटिशांनी त्याला मुख्यालय-जहाज म्हटलं. हा लेख त्या जहाजाबद्दल आहे, कारण माझ्या मते दुसऱ्या महायुद्धात लावलेल्या सगळ्यात महत्त्वाच्या शोधांपैकी तो एक आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

उतरणं इतकं अवघड का?

जमिनीवरच्या लढाईत सेनापतीच्या पायाखाली जमीन असते. रस्ते असतात, टेलिफोनच्या तारा टाकता येतात, काहीच नसलं तर घोड्यावरून किंवा मोटारसायकलवरून माणूस धाडता येतो. समुद्रावरच्या लढाईत सगळे एकाच जातीचे: जहाज जहाजाशी बोलतं, दिव्याने, झेंड्यांनी, बिनतारीने. किनाऱ्यावर उतरताना मात्र ही दोन जगं एकमेकांत मिसळतात, आणि तीही गोळीबारात. पाण्यात होड्यांच्या रांगा, मागे तोफा डागणारी जहाजं, वर विमानं, पुळणीवर उतरलेली पलटण. चौघांची भाषा वेगळी, नकाशे वेगळे, वरिष्ठ वेगळे.

त्यात अधिकाराचा प्रश्न. सैनिक होडीत असेपर्यंत तो नौदलाच्या जबाबदारीवर. पुळणीवर पाय टेकले की भूदलाच्या. पण भूदलाचा सेनापती अजून जहाजावरच असतो. किनाऱ्यावर त्याचं मुख्यालय उभं राहायला काही तास, कधी काही दिवस लागतात. मधल्या काळात हुकूम कोणाचा? उत्तर असं ठरत गेलं की जमिनीवरचा सेनापती ‘आता मी सांभाळतो’ म्हणेपर्यंत सूत्रं नौदलाच्या अधिकाऱ्याकडे राहतील, पण तोवर दोघांनी एकाच छपराखाली बसायचं. ते छप्पर म्हणजे हे जहाज.

हे शहाणपण फार महागात मिळालं. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवर ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रांच्या फौजा उतरल्या. ‘वाय’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावर सुमारे दोन हजार माणसं एकही गोळी न झेलता वर चढून गेली. काही मैलांवर दुसऱ्या किनाऱ्यांवर त्यांचेच सोबती पाण्यात कापले जात होते. वायवरच्या लोकांना पुढे काय करायचं याचे धड हुकूम नव्हते; तिथल्या दोन कर्नलांपैकी वरचढ कोण हेही त्यांना नक्की माहीत नव्हतं. सरसेनापती इयान हॅमिल्टन ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेवरून किनाऱ्याकिनाऱ्याने चालले होते. त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. पण किनाऱ्यांचा कारभार पाहणारे जनरल हंटर-वेस्टन दुसऱ्या जहाजावर होते. हॅमिल्टननी त्यांना विचारलं, वायवर आणखी माणसं उतरवायची का? उत्तर नकारार्थी आलं, आणि सरसेनापतींनी ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी वाय किनारा रिकामा करून माणसं परत जहाजांवर घेतली गेली.

मला या प्रसंगातली सर्वात बोचणारी गोष्ट ही वाटते की इथे अज्ञान नव्हतं. संधी दिसत होती. जो पाहत होता तो एका जहाजावर, जो ठरवत होता तो दुसऱ्यावर.

युद्धनौका का चालत नाही?

साधा विचार असा की सेनापतीला सगळ्यात मजबूत जहाजावर बसवावं. चिलखत जाड, तोफा मोठ्या, आरमाराचा झेंडाही तिथेच. अनेक वर्षं हेच चाललं. पण युद्धनौकेला स्वतःचं युद्ध असतं. तोफा डागल्या की पोलाद हादरतं, बिनतारी संचांतल्या काचेच्या नळ्या फुटतात, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. शत्रूचं जहाज दिसलं की तिला त्याच्या मागे जावंच लागतं. सेनापती आत बसलाय म्हणून ती थांबत नाही.

८ नोव्हेंबर १९४२ ला मोरोक्कोच्या किनाऱ्यावर हे जनरल पॅटननी अनुभवलं. ते ॲडमिरल हेविटबरोबर ‘ऑगस्टा’ या क्रूझरवर होते. सकाळी किनाऱ्यावर जायचं म्हणून त्यांची होडी बाहेर लटकवून, सामान भरून तयार होती. मोरोक्को तेव्हा जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारच्या ताब्यात होता. तेवढ्यात कासाब्लांकाच्या बंदरातून त्या सरकारची फ्रेंच जहाजं बाहेर पडली आणि ऑगस्टाला लढाईत उतरावं लागलं. तिच्या मागच्या तोफांच्या धक्क्याने लटकलेल्या होडीच्या चिंधड्या झाल्या, पॅटनचं सामान समुद्रात गेलं. पिस्तुलं तेवढी त्यांनी नुकतीच मागवून घेतली होती म्हणून वाचली. जमिनीवरच्या मोहिमेचा सेनापती दुपारपर्यंत समुद्रावरच्या लढाईत अडकून पडला. त्याची माणसं तिकडे पहाटेपासून पुळणीवर होती.

त्याच दिवशी भूमध्य समुद्रात, अल्जिअर्स आणि ओरानसमोर, ब्रिटिशांनी वेगळा प्रयोग लावला होता. अल्जिअर्सला ‘बुलोलो’ आणि ओरानला ‘लार्ग्ज’. दोन्ही मुळात लढाऊ जहाजं नव्हतीच. बुलोलो ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मार्गावरचं प्रवासी जहाज. लार्ग्जचं मूळ नाव ‘शार्ल प्ल्युमिए’. फ्रेंचांचं केळी वाहणारं जहाज, ब्रिटिशांनी १९४० मध्ये पकडलेलं. प्रवाशांच्या केबिनींमध्ये आता बिनतारी संच, नकाशांची टेबलं, सांकेतिक लिपीची खोली आणि तिन्ही दलांचे अधिकारी. अमेरिकेने पाठोपाठ ‘अँकॉन’ या १९३८ च्या प्रवासी जहाजाला असंच रूप दिलं आणि मग मालवाहू जहाजांच्या सांगाड्यांवर अशी जहाजं एकामागून एक बांधली.

या प्रयोगामागे आणखी एक ताजी जखम होती. १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सचं दिएप बंदर. सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक छाप्यासाठी गेले. सेनापती मेजर जनरल रॉबर्ट्स ‘कॅल्प’ या छोट्या विनाशिकेवर होते. धुराच्या पडद्यामागे पुळण दिसत नव्हती. तुटक तुटक निरोप येत होते, त्यातला एक असा पोहोचला की जणू एक पलटण पुळण ओलांडून गावातल्या घरांत शिरली आहे. खरं तर मूठभर माणसंच पलीकडे गेली होती. रॉबर्ट्सनी यश पुढे रेटायचं म्हणून राखीव तुकडी पाठवली, आणि तीही त्याच पुळणीवर चिरडली गेली. त्या मोहिमेत नऊशेच्या आसपास कॅनेडियन मेले. निरोप न येणं वाईट खरं, पण अर्धवट निरोप जास्त माणसं मारतो, हे दिएपने दाखवलं. म्हणून कमांड शिपवर नुसते जास्त संच बसवून भागत नव्हतं. आलेला निरोप तपासणारी, दुसऱ्या निरोपाशी ताडून पाहणारी माणसं त्याच खोलीत लागत होती.

आत काय चालतं?

समजा, पुळणीवर एका कंपनीला डाव्या बाजूच्या खडकातली मशीनगन पुढे सरकू देत नाही. कंपनीसोबत नौदलाचा एक छोटा गट असतो, पाठीवर संच घेतलेला. त्याचं काम एकच: जहाजाच्या तोफांना सांगायचं, गोळा कुठे टाका, किती उजवीकडे, किती लांब. हा गट ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिच्यावर फक्त तोफांचंच बोलणं चालतं. होड्यांच्या रांगा सोडणाऱ्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी. पुळणीवर माल आणि जखमी यांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याची वेगळी. बाँबफेकी विमानांची वेगळी, शत्रूच्या विमानांवर आपली लढाऊ विमानं सोडणाऱ्यांची आणखी वेगळी.

प्रत्येक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक बंद खोली समजा. आतल्यांना एकमेकांचं ऐकू येतं, शेजारच्या खोलीतलं नाही. आता त्याच खडकावर विमानं झेपावणार असतील आणि त्याच क्षणी जहाजाचे गोळे तिथून जाणार असतील, तर आपलाच गोळा आपल्याच विमानाला लागेल. तोफवाल्याला विमानाची वेळ माहीत नाही, वैमानिकाला तोफेची. दोन्ही खोल्यांची दारं जिथे एकत्र उघडतात अशी एकच जागा असते, ती कमांड शिपवरची ऑपरेशन्स रूम. मेरीलँडवर त्या सकाळी नेमकी हीच दारं बंद झाली होती.

याची किंमत सिसिलीतही मोजावी लागली. ११ जुलै १९४३ च्या रात्री १४४ अमेरिकन विमानं आपल्याच ताब्यातल्या भागावर छत्रीधारी सैनिक उतरवायला निघाली. ती येणार ही खबर खालच्या प्रत्येक तोफेपर्यंत पोहोचली नव्हती. थोड्याच वेळापूर्वी जर्मन हवाई हल्ला होऊन गेला होता. कुठल्या तरी एका तोफेने तोंड उघडलं, मग किनारा आणि समुद्र दोन्हीकडून आग सुरू झाली. २३ विमानं आपल्याच माणसांनी पाडली.

एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी बटण दाबलं की दोघांचंही जातं. त्यामुळे कोण बोलणार, कोण गप्प बसणार, याची शिस्त संचाइतकीच महत्त्वाची. मला इथे माउलींच्या पालखीतली समाजआरती आठवते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते तेवढीच टाळ वाजवत राहते, म्हणजे कुठे जायचं हे चोपदाराला कळतं. कमांड शिपवरचा ऑपरेटर असंच करतो: सगळ्यांना थांबवतो आणि ज्याची निकड आहे त्याच्याकडे कान देतो.

दुसरी अडचण अगदी भौतिक आहे. दीडशे मीटरच्या आतबाहेर लांबीचं जहाज, त्यावर डझनांनी ॲन्टेना. एक संच पूर्ण ताकदीने बोलत असताना शेजारच्या संचाने मैलोन्मैल दुरून येणारा क्षीण आवाज टिपायचा, म्हणजे ताशापुढे उभं राहून कुजबूज ऐकायची. म्हणून बोलणाऱ्या ॲन्टेना एका टोकाला, ऐकणाऱ्या दुसऱ्या टोकाला. फ्रिक्वेन्सीही अशा निवडायच्या की एकीचा आवाज दुसरीत गळणार नाही. मोहीम सुरू होण्याआधी हे वाटप कागदावर आखणारे अधिकारी महिनोन्महिने खपत. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नसतात, असावीत असं मला मनापासून वाटतं.

आणि किनाऱ्याकडे जाताना पूर्ण मौन. वाटेत एक शब्द बोललात तरी शत्रू दिशा काढू शकतो. त्यामुळे प्रवासभर ही जहाजं फक्त ऐकत. दूरच्या मोठ्या केंद्रावरून सांकेतिक निरोपांचा अखंड प्रवाह सुटत असे. आपल्या कामाचे तेवढे टिपून घ्यायचे, पोच द्यायची नाही. आपापसांत बोलायचं तर दिवसा झेंडे आणि झाकून वापरलेले दिवे. पहिली तोफ सुटली की मौन संपायचं आणि मग सगळ्या खोल्या एकदम बोलू लागायच्या.

जहाज इतकं बोलकं झालं की ते शत्रूच्या नजरेतही भरतं. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत सालेर्नोला ॲडमिरल हेविट अँकॉनवर होते. हवाई हल्ल्यांचा धोका पाहून त्यांनी काही दिवसांतच ‘बिस्केन’ या लहान जहाजावर मुक्काम हलवला आणि अँकॉनला मागे पाठवलं. नॉर्मंडीत ७ जूनला बुलोलोवर बाँब पडला, आतली माणसं मेली, तरी जहाजाने काम सोडलं नाही.

पुन्हा बेटिओवर

मेरीलँडवरची यंत्रणा दुरुस्त होत, बिघडत राहिली. पण दोष फक्त तिचा नव्हता. कोकणातल्या वाचकाला पुढचं लगेच उमजेल: ते दिवस उधाणाचे नव्हते, भांगाचे होते. भरती पुरेशी चढलीच नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या प्रवाळाच्या रांगेवरून पार झाल्या, साध्या होड्या रांगेवर अडकल्या. सैनिकांना चारपाचशे मीटर पाण्यातून गोळीबार झेलत चालावं लागलं. त्यांच्याबरोबर बिनतारी संचही चालले: जड पेट्या, सोबत दांडा फिरवून वीज करायचं जनित्र. बरेच संच खाऱ्या पाण्याने मुके झाले.

पुळणीवरचे सेनापती कर्नल डेव्हिड शूप. पायाला जखम झालेली, एका जपानी बंकरच्या आडोशाला उभे राहून ते निरोप पाठवत होते. बिनतारीवर भरवसा उरला नाही तेव्हा त्यांनी दुपारी लेफ्टनंट कर्नल कार्लसनना होडीने मेरीलँडकडे पाठवलं: जनरलना सांगा, इथे काय चाललंय. विसाव्या शतकातल्या लढाईत निरोप्या हाताने निरोप नेत होता, जसा शेकडो वर्षांपूर्वी नेत असे.

त्याच संध्याकाळी एक बटालियन, आठव्या मरीन रेजिमेंटची, होड्यांमध्ये बसून किनाऱ्याबाहेर वाट पाहत होती. जनरल स्मिथनी त्यांना उतरायचा हुकूम दिला. हुकूम पोहोचला नाही. टेहळणी विमानाने कुठल्याशा तुकडीला उतरताना पाहिलं आणि जहाजावर नकाशात खूण झाली की हीच ती बटालियन. प्रत्यक्षात ते तोफखान्याचे लोक होते. बटालियन रात्रभर होड्यांतच राहिली: शेकडो माणसं, ओली, समुद्र लागलेली, उघड्यावर. दुसऱ्या सकाळी त्यांना दुसऱ्याच किनाऱ्यावर उतरवलं आणि तिथे ती पाण्यात बेसुमार पडली. त्यांच्या एका रात्रीचा हिशेब करताना मला नेहमी वाटतं की नकाशावरची ती एक खूण पुसायला कोणी तरी असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शूपनी पाठवलेला अहवाल प्रसिद्ध आहे: मृत-जखमी पुष्कळ, मृतांचं प्रमाण अज्ञात, लढण्याची क्षमता अशी की आपण जिंकतो आहोत. ७६ तासांत बेट पडलं. अमेरिकेचे हजाराच्या आसपास मेले, जपानी तळावरचे जवळजवळ सगळे. दोन-अडीच महिन्यांनी, जानेवारी १९४४ च्या अखेरीस क्वाजलेनवर उतरताना ॲडमिरल टर्नर युद्धनौकेवर नव्हते. ते ‘रॉकी माउंट’ या खास बांधलेल्या कमांड शिपवर होते. रोई आणि नामूर या बेटांसमोर तसंच ‘ॲपलाचियन’ उभं होतं.

कान असले तरी

जहाज नीट असलं की प्रश्न सुटतो असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर अँकॉन उभं होतं. त्यावर रिअर ॲडमिरल हॉल, जनरल गेरो, जनरल ह्यूबनर. संच चालू, माणसं तयार. पण बोलणारच गप्प. तोवर जमवलेली सगळी हुशारी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून होती. ११६ व्या रेजिमेंटचे तीन चतुर्थांश संच पाण्यात गेले किंवा निकामी झाले. पाठीवर संच असलेला माणूस नेमबाजाला आधी दिसतो.

गेरोंनी याचा विचार करून ठेवला होता. कर्नल टॅली नावाच्या अधिकाऱ्याला त्यांनी पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या एका ट्रकमध्ये संच देऊन किनाऱ्यापासून काही शे मीटरवर फिरत ठेवलं होतं. डोळ्यांनी पाहायचं आणि अँकॉनला सांगायचं, एवढंच काम. सकाळभर त्यांनी कळवलेलं चित्र भयंकर होतं: अडकलेल्या होड्या, पुळणीवर दाटलेली गर्दी. ऑगस्टावर असलेले जनरल ब्रॅडली पुढच्या लाटा दुसरीकडे वळवाव्यात का या विचारापर्यंत आले होते. दुपारच्या सुमारास निरोप आला की मागच्या चढावर माणसं वर जाताना दिसत आहेत.

ती माणसं वर कशी गेली? त्यात एक भाग बिनतारी नसलेल्या बोलण्याचा आहे, आणि तो मला फार भावतो. विनाशिका किनाऱ्याच्या इतक्या जवळ आल्या की तळ वाळूला घासायची भीती. तोफा कुठे मारायच्या हे सांगणारं कोणी नव्हतं. ‘कार्मिक’ या विनाशिकेवरच्या लोकांच्या लक्षात आलं की पुळणीवरचा एक रणगाडा कड्यावर एका ठिकाणी गोळे टाकतोय. ते गोळे जिथे फुटले तिथेच विनाशिकेने तोफा वळवल्या. मग रणगाड्याने निशाण बदललं, विनाशिकेनेही. एकही शब्द न बोलता दोघांनी एक फ्रिक्वेन्सी उघडली होती.

सहा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९५० ला, कोरियात इंचॉनसमोर ‘माउंट मॅकिन्ली’वर दुर्बीण घेऊन बसलेल्या मॅकआर्थरचा फोटो जगभर गेला. तिथे भरती-ओहोटीत नऊ मीटरचा फरक. सकाळच्या भरतीला एक बेट, संध्याकाळच्या भरतीला शहर, असा कारभार होता. तो चालवला ॲडमिरल डॉइलच्या लोकांनी, फोटोच्या चौकटीबाहेरच्या खोल्यांतून.

१९७० आणि १९७१ मध्ये अमेरिकेने ‘ब्लू रिज’ आणि ‘माउंट व्हिटनी’ ही दोन जहाजं मुळापासून याच कामासाठी बांधून नौदलात दाखल केली: वरचा डेक रुंद, मोकळा, ॲन्टेनांसाठी राखलेला. अर्धशतक उलटून गेलं तरी ती सेवेत आहेत. उपग्रह आल्यावर मात्र अडचणीने रूप बदललं. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटिश उतरले तेव्हा कमोडोर क्लॅप आणि ब्रिगेडियर थॉम्पसन ‘फिअरलेस’वर एकत्र होते, जसं असायला हवं तसं. थॉम्पसनचे वरिष्ठ जनरल मूर त्या वेळी ‘क्वीन एलिझाबेथ २’ वरून येत होते आणि जहाजावरची संपर्क यंत्रणा नीट चालत नव्हती. मधला दुवाच गळाला. त्यामुळे लंडनजवळच्या नॉर्थवुडमधलं मुख्यालय उपग्रहाच्या फोनवर थेट थॉम्पसनशीच बोलू लागलं, तेरा हजार किलोमीटरवरून, पुळण न पाहता. गॅलिपोलीत जवळ असलेल्या माणसाने हुकूम द्यायचं टाळलं होतं. इथे दूरचा माणूस हुकूम देत होता.

शेवटी रंगून, कारण तिथे आपली माणसं होती. २ मे १९४५ ला २६ वी भारतीय डिव्हिजन रंगून नदीच्या मुखाशी दोन्ही काठांवर उतरली. केळी वाहणारं ते जुनं लार्ग्ज तिथे मुख्यालय-जहाज होतं, सगळ्या संचांसह. पण रंगूनमध्ये शत्रू उरला आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शहरातल्या तुरुंगात डांबलेल्या युद्धकैद्यांनी छतावर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलं होतं की जपानी निघून गेलेत. वैमानिकांनी ते वाचलं, पण हा सापळा तर नाही ना, अशी शंका होती. विंग कमांडर सॉन्डर्सनी आपलं विमान शहराजवळच्या मिंगलादोनच्या धावपट्टीवर उतरवलं. बाँबच्या खड्ड्यांत विमान निकामी झालं. ते चालत शहरात गेले, तुरुंगातल्या माणसांना भेटले, खात्री करून घेतली. मग एक सांपान, म्हणजे तिकडची छोटी होडी, मिळवली आणि पावसात नदीच्या मुखाकडे, येणाऱ्या फौजेला सांगायला निघाले.